न कोमेजणारा हार

मननासाठी शास्त्रभाग : १ पेत्र ५:१ ते ४

ख्रिस्तजन्माचा सण जवळ येऊन ठेपला आहे. खेडोपाडीच्या आमच्या मंडळ्यांत घरे सारवण्याची, भिंतींना रंग देण्याची आणि दारे शृंगारण्याची लगबग चालली आहे. बीडसारख्या शहराच्या पेठेत याच दिवसांत हिरव्यागार कृत्रिम माळा दुकानोदुकानी लोंबू लागतात, आणि पुष्कळ ख्रिस्ती घरांच्या चौकटींवर आता त्याच दिसतात. अशा माळा लावणे योग्य की अयोग्य, असे कित्येकांनी आम्हास विचारले आहे. या प्रश्नाचे उत्तर आम्ही मनाशी फार सोपे करून ठेविले होते. ते आम्हास मागे घ्यावे लागले, आणि ते का, हे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. युरोप खंडात डिसेंबर महिन्यात बर्फ पडते व बहुतेक झाडे निष्पर्ण होतात. अशा वेळी ज्या वृक्षवेलींची पाने हिरवी राहतात, त्यांच्या डहाळ्या घरात आणून तेथील लोक सणाचा आनंद करीत आले. मरणाच्या ऋतूतही जीवन टिकून आहे, असा त्या डहाळीचा अर्थ. बाजारातील माळ ही तिची नक्कल होय. पी.व्ही.सी. नावाच्या प्लास्टिकच्या पातळ हिरव्या पट्टीच्या बारीक चिरफळ्या करून त्या दोन तारांमध्ये धरतात व तारांना पीळ देतात, म्हणजे त्या चहूकडे पसरून पानांसारख्या दिसू लागतात. चीन देशातील यीवू हे शहर अशा सामानाची जगातील फार मोठी पेठ आहे. ही माळ सुकत नाही, तिला पाणी लागत नाही; परंतु मोडली म्हणजे तिचे खत होत नाही, आणि कोणी चुलीत घातली तर तिच्यातून विषारी वायू निघतो.

आमच्या देशात नाताळाच्या दिवसांत बर्फ नाही. बीडहून नारायणगडाकडे जाणाऱ्यास या दिवसांत रानात ज्वारी हिरवी उभी दिसते, हरभरा फुलावर असतो, आणि जेथे विहिरीला पाणी आहे तेथे शेवंती व झेंडू फुलतात. या गडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. तेथे जाणारे आमचे वारकरी शेजारी तुळशीची व फुलांची माळ ताजी गुंफून नेतात. शेतकऱ्याच्या फुलाला कृत्रिम फुलामुळे भाव मिळत नाही, ही तक्रार २०२५ साली राज्याच्या विधिमंडळापर्यंत पोहोचली. तेव्हा ‘परदेशी नकली माळ टाका आणि आपल्या रानातील ताजे तोरण बांधा,’ एवढे लिहून आम्ही लेखणी ठेवणार होतो.

परंतु त्याच भागातील एका खेड्यात आम्ही एका घरापाशी थांबलो. दाराला कुलूप होते, आणि चौकटीवर गेल्या नाताळची कृत्रिम माळ तशीच होती. उन्हाने तिचा रंग उडाला होता. ओसरीवर एक म्हातारी आपल्या नातीला घेऊन बसली होती. ती म्हणाली, “पाळकसाहेब, पोरगं आन् सून दसऱ्यानंतर कारखान्याला गेली. जाताना सांगून गेली, माळ काढू नका, आम्ही माघारी आलो की नवी लावू.” मग थोड्या वेळाने ती म्हणाली, “माळ हाय तशी हाय. माणसं नाहीत.”

बंधूंनो, या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजली जातात, आणि सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर व कर्नाटक येथील कारखान्यांच्या फडांवर पाचटाच्या कोपीत हिवाळा काढतात. नाताळ येतो तो ऐन तोडीच्या दिवसांत. त्या म्हातारीच्या दारावरील माळ कोणत्या पदार्थाची आहे, हे विचारण्याचे धैर्य आम्हास झाले नाही. ती माळ म्हणजे मुलाने आईजवळ ठेविलेला शब्द होता. ज्या घरी फुलाला पाणी नाही, त्या घराने एकदा घेतलेली माळ दहा वर्षे वापरली, तर ती काटकसर आहे. तिला आम्ही पाप म्हणणार नाही.

आता शास्त्रभागाकडे वळू. करिंथ नगराजवळ जे खेळ होत, त्यांत जिंकणाऱ्याच्या मस्तकी सूचिपर्णी वृक्षाच्या डहाळ्यांचा हार घालीत असत. पौलाने करिंथकरांस लिहिताना त्याच हाराचा दाखला घेतला, आणि तो नाश पावणारा आहे असे म्हटले. पेत्र मात्र ज्या हाराविषयी बोलतो तो कधीच कोमेजत नाही. येथे आपण सावध झाले पाहिजे, कारण न कोमेजणे दोन प्रकारचे असते. बाजारातील माळ कोमेजत नाही, कारण ती कधी जिवंतच नव्हती. ख्रिस्ताजवळचा हार कोमेजत नाही, कारण त्यात असलेल्या जीवनाला मरण नाही. दुरून पाहणाऱ्यास दोन्ही सारखेच हिरवे दिसतील. आमची उपासना, आमची गाणी, आमचे सणाचे हसणे यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे?

आणि हा हार पेत्र कोणास देऊ करितो? ज्याचे घर सुंदर शृंगारलेले आहे त्यास नव्हे. जे वडील देवाच्या कळपाची राखण जुलमाने नव्हे तर आनंदाने करितात, द्रव्यलोभाने नव्हे तर मनापासून करितात, त्यांस. तेव्हा या नाताळात आम्ही तीन गोष्टी सुचवितो.

पहिली : शोभेसाठी कर्ज काढू नका. जुनी माळ असेल तर झटकून पुन्हा लावा; निकामी झाली तर जाळू नका. नवीन काही करावयाचे असेल तर आंब्याची पाने, शेवंती, ज्वारीचे कणीस यांचे तोरण मुलांना हाताने करू द्या. ते चार दिवसांत सुकेल. सुकू द्या. प्रीतीसुद्धा दररोज नव्याने गुंफावी लागते.

दुसरी, गावी राहिलेल्यांस : मंडळीच्या वडिलांनी कुलूप असलेल्या घरांची यादी करावी, आणि नाताळच्या दिवशी त्या घरच्या म्हाताऱ्यांस व लेकरांस आपल्या पंगतीला बसवावे.

तिसरी, ऊसपट्ट्यातील मंडळ्यांस : तुमच्या शिवारात ज्या कोप्या पडल्या आहेत, त्यांत कोणी आपले बांधव असतील. असोत वा नसोत, भाकरी घेऊन तेथे जा. तेथे उसाचे हिरवे वाढे पुष्कळ असते; त्याचेच एक तोरण लेकरांकडून करवून कोपीच्या तोंडाशी बांधा आणि एक प्रार्थना करा. आपला प्रभूही आईबाप नावनिशीसाठी परगावी गेले असता जन्मला, आणि त्याला उतरण्यास जागा मिळाली नाही. त्या रात्री गव्हाणीवर कोणी तोरण बांधिले नव्हते. मेंढपाळ मात्र आपली राखण सोडून आले.

हे मुख्य मेंढपाळा, आमच्या दारांवर जे काही असेल ते असो, पण ती दारे तुझ्या लेकरांस बंद नसोत. जे दूर आहेत त्यांस सुखरूप घरी आण, आणि ते येईपर्यंत त्यांच्या घराची राखण आम्हांकडून आनंदाने करून घे. आमेन.