माया

आजवरच्या आयुष्यात मी जी जी मापं घेतली, त्यांतलं एकही माप दुसऱ्यांदा घेतल्यावर तेवढंच भरलेलं नाही. पडद्यासाठी खिडकी मोजली तर पडदे जमिनीवर लोळतात. गादीसाठी पलंग मोजला तर गादी पलंगाबाहेर पाय सोडून बसते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, रोह्याच्या एका शाखेत कारकून. पैशाचा हिशेब माझा सहसा चुकत नाही. पण पैसा मोजताना तो सुटासुटा होऊन आपणहून समोर येतो. भिंत तशी येत नाही, तिच्याकडे आपल्याला स्टुलावर चढून जावं लागतं.

त्यामुळे पेणच्या आमच्या घरी स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं आणि मापं मी घ्यायची ठरली, तेव्हाच पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं.

पूर्वी असली कामं आमचे सुतारमामा करायचे. कानावर पेन्सिल, केसांत भुसा आणि सगळी भाषा सुतांची. इंचाचे आठ भाग केले की एक सूत होतं. देशात मेट्रिक मापं आली ती १९५६ च्या कायद्यानं; सुतारमामांच्या पिशवीत ती अजून यायची आहेत. मी सांगितलेलं माप ते अत्यंत आदरानं ऐकून घेत आणि मग स्वतः मोजत. कापताना मात्र स्वतःच्या मापावरही त्यांचा पुरता विश्वास नसे. एक सूत राखून कापायचं आणि राखलेलं मग रंध्यानं काढायचं. "भाऊ, कमी कधीही करता येतं. वाढवायची युक्ती अजून निघाली नाही," असं म्हणून ते विडी पेटवत.

शिंपी लोक या राखण्याला 'माया' म्हणतात. विजारीच्या शिवणीत आत दुमडून ठेवलेलं जे जास्तीचं कापड असतं, ती माया. वेदान्ती लोक सांगतात की माया खोटी आहे. ज्यानं चाळिशीनंतर जुनी विजार शिंप्याकडे नेऊन कमरेत दोन इंच सैल करून आणली आहे, तो यावर सहजासहजी विश्वास ठेवणार नाही. ब्रह्म खरं असेलही. पण अडचणीत उपयोगी पडते ती माया.

तर आमच्या हिनं सुतारमामांना यंदा बोलवायचं नाही असं जाहीर केलं. "अहो, आता सगळं मशीनवर कापून येतं. घरात एक दिवसात बसवतात. भुसा नाही की विडी नाही." मी मुद्दा मान्य केला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मुद्दे मान्य करण्याचं कामही मशीनवर होतं.

पेणबाहेर हायवेच्या बाजूला एक वर्कशॉप होतं. तिथलं ते कापणारं मशीन पाहिलं आणि मी, खरं सांगतो, प्रेमातच पडलो. आठ बाय चारची शीट, म्हणजे तिथल्या भाषेत २४४० बाय १२२० मिलिमीटरची, टेबलावर ठेवायची. मागून पोलादी चिमटे येऊन तिची कड धरतात आणि हव्या तेवढ्या अंतरावर आणून थांबवतात. वरून एक तुळई खाली येऊन शीट दाबून धरते, खालून पातं येतं आणि एका बाजूनं दुसऱ्या बाजूला निघून जातं. मोजपट्टी कुठेही नाही. मोटरला एन्कोडर नावाचा एक मोजणारा जोडलेला असतो. मोटर किती फिरली त्याचे ठोके तो मोजतो आणि ठोक्यांवरून चिमटे किती मिलिमीटर सरकले ते मशीनला कळतं. सकाळी चालू केल्याबरोबर हे मशीन आधी आपलं शून्य कुठं आहे ते शोधून येतं. मी सकाळी उठल्यावर चष्मा शोधतो.

एका शीटमधून कोणते तुकडे कसे काढले म्हणजे वाया कमी जाईल, हे कॉम्प्युटर आधीच आखून देतो. त्यात पात्याच्या जाडीचाही हिशेब असतो. प्रत्येक कापाला तीन-चार मिलिमीटर लाकडाचा भुसा होणार, तो आधीच वजा. स्वतः किती खाणार हे आधी ठरवून घेणारी दुसरी व्यवस्था माझ्या माहितीत आयकर खात्याचीच. तिथे तिला उगमस्थानी करकपात म्हणतात. पण आपल्यासाठी एखादं सूत राखायचं, ते मात्र कशातच नाही. आकडा सांगा, तेवढं मिळेल.

मशीनवर एक पोरगा होता. विशी ओलांडली असेल-नसेल. रोह्याहून गाडीनं पेणला यायचा, म्हणजे मी रोज सकाळी जिकडे जातो तिकडून तो येत होता. मध्ये नागोठण्याच्या आसपास आमच्या गाड्या एकमेकींना ओलांडत असाव्यात. मी माझा मापांचा कागद त्याच्या हातात दिला. त्या वर्षी मराठी भाषा दिनाला मी मराठी आकड्यांतच लिहिण्याचा संकल्प सोडला होता. मराठी आकड्यांतला चेक बँकेत चालतो, तर फळीला काय धाड भरली आहे? पोरानं कागद पाहिला, एका आकड्यावर थोडा थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि बटणं दाबायला लागला.

दारं बसवायला माणसं आली आणि आठही दारं ऐंशी मिलिमीटरनं अरुंद निघाली. सुतारमामांच्या हिशेबानं पंचवीस सूत. पण काय सुंदर अरुंद! आठही सारखी, काटकोनात, कडा आरशासारख्या. चूक इतक्या नीटनेटकेपणानं झालेली मी तोवर पाहिली नव्हती.

मी मालकांना फोन करून म्हटलं, "मशीन चुकलं." ते म्हणाले, "साहेब, मशीन चुकत नाही." आणि मी गप्प बसलो. कारण हेच वाक्य मी काउंटरवर रोज म्हणतो. पेन्शनवाल्या आजी विचारतात, "बाळा, व्याज कमी कसं आलं?" मी म्हणतो, "आजी, सिस्टीममध्ये तेवढंच दाखवतंय." सिस्टीम म्हटलं की आजी जशा मुकाट्यानं उठतात, तसा मी फोन खाली ठेवला. मालक भले निघाले. ग्राहकाचं नुकसान नको म्हणून दुसरी शीट कापून आठ नवी दारं दिली, एक पैसा जास्त न घेता. अशीही माणसं आहेत जगात, असं मी डब्यात चारचौघांना सांगितलं.

दोन महिन्यांनी तो पोरगा आमच्या शाखेत पासबुक भरायला आला. मला पाहून हसला. खातं आमच्याचकडे होतं. छापून निघालेलं पासबुक पाहत तो सहज म्हणाला, "काका, अजून एक हप्ता. मग संपलं."

"कसला हप्ता?"

"तुमच्या दारांचा. शीटचे साडेचार हजार. पगारातून दीड-दीड हजार कापतात."

तिथे सगळं कापलंच जातं.

मी म्हटलं, "पण तू तर कागदावरचा आकडाच घातलास ना?" तो म्हणाला, "तेच सांगितलं शेटना. ते म्हणाले, साहेब बँकेत आहेत, ते कसे चुकतील?"

घरी जाऊन मोबाइलमधला त्या कागदाचा फोटो काढला. जिथे ४९६ असायला हवं होतं तिथे मी जे काही काढलं होतं, त्याला नऊ म्हणायला आईची माया हवी. मराठीतला एक आणि नऊ हे मुळातच सख्खे भाऊ. घाईत लिहिले तर जुळे होतात. माझा नऊ उघड उघड एक होता. हिला दाखवला. ही म्हणाली, "चारशे सोळा." तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

आता या चुकीचे तीन दावेदार होते. मशीन, पोरगा आणि मी. मशीन जन्मजात निर्दोष. मी ग्राहक, आणि ग्राहकाची थोरवी सांगणारी पाटी मी रोज ज्या भिंतीखाली बसतो तिच्यावर लावलेली आहे. उरला पोरगा. पूर्वी सुतारमामांकडून चूक झाली की ती त्यांची असायची. चार शिव्या स्वतःला, दोन करवतीला, आणि संध्याकाळपर्यंत त्या तुकड्याचा पाट झालेला असे. चूक कुठे राहते ते माहीत होतं, तिचा पत्ता होता. मशीननं चूक नाहीशी केली नाही, तिचा पत्ता तेवढा पुसला. आणि पत्ता नसलेली वस्तू शेवटी सगळ्यांत गरीब माणसाच्या दारात जाऊन पडते.

आमच्याकडे नोटा मोजायचं मशीन आहे. पण संध्याकाळी रोकड कमी भरली तर तूट भरतो कॅशियर. नोटेवरही पाहा. नोट मशीननं छापतात, मशीननं कापतात, पण तिच्यावरचं वचन 'मी देतो' असंच आहे आणि खाली माणसाची सही आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्याचे. १९४३ ते १९४९ ते त्या पदावर होते आणि नोटांवर त्यांची सही असे. त्यांनी नोटा मोजल्या नसणार. तरी 'मी' म्हणायला कुणीतरी लागतं. चारशे शहाण्णवच्या खाली कुणाचीच सही नव्हती.

आमच्या पेणचे गणपती जगभर जातात. साच्यातून शंभर मूर्ती एकसारख्या निघतात, त्यात कमीपणा कुणी मानत नाही. पण डोळ्यांची आखणी हातानं होते. शेजारच्या कारखान्यातल्या कारागिराला मी एकदा विचारलं, यालाही साचा का नाही? तो ब्रश न थांबवता म्हणाला, "मापानं काढला तर देव बघत नाही हो, नुसता टक लावतो." त्या पोरालाही नजर होती. एका आकड्यावर तो थांबला होता. पुढल्या खेपेस भेटला तेव्हा विचारलं, तर म्हणाला, "दारं लहान वाटत होती, काका. पण पडद्यावर आकडा आला की विचारायचं नसतं." हे त्याला कुणी शिकवलं? मालकांनी, की मी त्याच्याकडे ज्या चेहऱ्यानं पाहिलं त्यानं?

रविवारी वर्कशॉपवर गेलो. साडेचार हजार पाकिटात, फोटो मोबाइलमध्ये. मालकांनी फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, "साहेब, सोडा ना आता. आणि तुमच्याकडून घेतले तर हा उद्या विचारायचा नाही, दिसेल ते कापत सुटेल." मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. मी म्हटलं, मग यानं त्या दिवशी विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? मालक थोडे थांबले. "काम कर म्हणालो असतो," असं म्हणाले आणि पैसे मोजून घेतले, हातानं, दोनदा. पोराचे तीन हजार त्याला तिथेच मिळाले, आणि तिसरा हप्ता कापला जाणार नाही असं ठरलं. परत येताना मी स्वतःवर फार खूश होतो. ही म्हणाली, "दोन महिने उशिरानं दिलेत, व्याज धरलंत का?"

ती आठ अरुंद दारं माळ्यावर पडून होती. गणपतीच्या आधी सुतारमामांना बोलावलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पेन्सिल अजून कानावरच आहे. तो पोरगाही सुट्टी होती म्हणून आला. मामांनी एका दारावरून हात फिरवला, कडेवर नख लावून पाहिलं. "काय कापलंय रे!" म्हणाले, आणि पोरगा लाजला. मग वीत टाकत त्यांनी आठही दारं मोजली. मखर होईल म्हणाले, आणि मागं एक फळी राखायची, पुढच्या वर्षी मूर्ती मोठी आणलीत तर.

मी उत्साहानं टेप काढली.

"भाऊ, तुम्ही टोक धरा," मामा म्हणाले. "आकडा हा वाचेल."