उधारीच्या वहीची मागची पानं

माण तालुक्यातल्या आमच्या गावात आईचं किराणा दुकान होतं. दुकान म्हणजे घराची पडवीच. उधारीची वही लांबट, लाल कापडी बांधणीची. पुढून उघडली की गावाची उधारी, उलटी करून मागून उघडली की देवांची. मागच्या पानांवर आई नवस लिहायची. नावाच्या रकान्यात औंधची यमाई, शिंगणापूरचा महादेव, जेजुरीचा खंडोबा, शिवेवरचा म्हसोबा. बाबीत ताप, आटलेली म्हैस, थोरल्याची मॅट्रिक. पुढे नारळ, साखर, अभिषेक, तळी, आणि त्याला काय खर्च येईल तो आकडा. काम झालं की त्या दिवसाची तारीख, नवस फेडला की ती तारीख आणि खाली आडवी रेघ.

१९८२ च्या दिवाळीत मी पुण्याहून सुट्टीला आलो. संख्याशास्त्राचं एम.एस्सी. चालू होतं. वय तेवीस, देव नाही याची खात्री, आणि शिकलेलं कुणावर तरी चालवून बघायची खाज. वहीतून बत्तीस नवस निघाले. एका नोंदीत मधली तारीखच नव्हती. अपुरी माहिती म्हणून ती वगळली, वर्गात तसंच शिकवलं होतं. उरले एकतीस. ग्राफ पेपरवर आडव्या अक्षाला नवसाची किंमत घेतली, उभ्या अक्षाला बोलल्यापासून काम होईपर्यंत गेलेले दिवस. एका नवसाचा एक ठिपका. याला आमच्यात स्कॅटर डायग्राम म्हणतात. आमच्या शास्त्रात इतकी प्रामाणिक दुसरी गोष्ट मी पाहिली नाही. सरासरी खोटं बोलू शकते, ठिपके जिथे आहेत तिथे असतात.

देव लाच घेत असेल तर ठिपके डावीकडून उजवीकडे उतरायला हवेत: रक्कम मोठी, दिवस कमी. उतरले नाहीत, चढले. दोन्ही सरासऱ्यांच्या रेघा मारून कागदाचे चार चौकोन केले. वरचा उजवा आणि खालचा डावा हे चौकोन भरलेले, बाकी दोन विरळ. असे ठिपके सहसंबंध गुणांक अधिककडे ओढतात, विरळ चौकोनांतले उणेकडे. ओढाताणीचा निकाल उणे एक ते अधिक एकच्या मध्ये कुठेतरी पडतो. माझा ०.४६ आला. १९५८ चा रुपया आणि १९८२ चा रुपया एकच धरला होता, ही चूक पुढे कितीतरी वर्षांनी ध्यानात आली. त्या दिवशी मात्र मी कागद घेऊन थेट गल्ल्यापाशी. म्हटलं, आई, तुझ्या देवांना जितकं जास्त देऊ करतेस तितका ते उशीर करतात.

आई साखर जोखत होती. तिने कागदाकडे बघितलंही नाही. "आरं, तापाला नारळ बोलतात नि नोकरीला अभिषेक. ताप चार दिसांत उतरतो. नोकरी लागते का चार दिसांत?"

पुढच्या तेहतीस वर्षांच्या मास्तरकीत मी हे वाक्य किती वर्गांना सांगितलं असेल त्याची गणती नाही. किंमत दिवस वाढवत नव्हती. कामाचा अवघडपणा दोन्ही वाढवत होता, आणि तो माझ्या कागदावर नव्हताच. आपल्या नैयायिकांकडे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांकडे, याला नेमका शब्द आहे: उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण उलट, जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला सरपण ओलं लागतं. तो ओलेपणा म्हणजे उपाधी. नुसतं साहचर्य दिसून भागत नाही, त्याचा नियम दाखवावा लागतो, तेव्हा कुठे व्याप्ती, म्हणजे न चुकणारा संबंध, सिद्ध होते. कुंभाराचं माती वाहणारं गाढव प्रत्येक मडक्याच्या आधी हजर असतं, तरी मडक्याचं कारण नव्हे. त्याला त्यांनी अन्यथासिद्ध म्हणून बाजूला काढलं. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मला हे गाढव कुणी दाखवलं नव्हतं. ते भेटलं पन्नाशीत, अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह एका शास्त्रीबुवांकडे वाचताना.

मी मात्र त्या दिवशी हार मानली नाही. दुसरा बाण काढला. म्हटलं, बरं, पण यातले सगळेच नवस पावलेले कसे? न पावलेले कुठे आहेत? ती म्हणाली, "काम झालं न्हाई तर त्याचं देणं कसलं? ते कशाला लिहू?" म्हणजे वर्षानुवर्षांच्या विनवण्यांतून फक्त यश आलेल्या तेवढ्या वहीत उतरलेल्या. अशा वहीवरून देवाची परीक्षा घेणं म्हणजे पास झालेल्यांच्याच उत्तरपत्रिका तपासून शाळेचा निकाल लावणं. मला जिंकल्यासारखं वाटलं. आईने साखरेची पुडी बांधली आणि दोरा दाताने तोडला.

नवस पावल्यासारखे का वाटतात, याचं माझ्यापुरतं उत्तर मला फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाकडे सापडलं. १८८६ मध्ये त्याने २०५ जोडप्यांची आणि त्यांच्या ९२८ प्रौढ मुलांची उंची मांडून पाहिली. बायकांची उंची १.०८ ने गुणून पुरुषांच्या बरोबरीला आणली. दिसलं असं, की फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण तितकी नाही. फार बुटक्यांची बुटकी, पण तितकी नाही. टोकाच्या ठिपक्याचा जोडीदार मधल्याकडे सरकलेला असतो. आता नवस कधी बोलतात ते बघा. पहिल्या शिंकेला कुणी बोलत नाही. ताप तीनवर जातो, पोर बडबडायला लागतं, वैद्य हात टेकतो, तेव्हा बोलतात. नवसाचा ठिपका जन्मतःच टोकाचा. त्यापुढचा बहुतेक वेळा मधल्याकडेच येणार, देव असो नसो. पाऊस ओढ देतो तेव्हा आमच्याकडे महादेवाचा गाभारा पाण्याने भरून पिंड बुडवतात. पाऊस येईस्तोवर भरत राहतात, आला की थांबतात. मग शेवटची नोंद पावसाची नसेल तर कशाची असेल?

याच गॉल्टनने त्याआधी, १८७२ मध्ये, प्रार्थनेलाच मापात घालून पाहिलं होतं. राजाच्या दीर्घायुष्यासाठी सगळा देश दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थना करतो. मग राजे जास्त जगतात का? राजघराण्यांतल्या ९७ पुरुषांचं सरासरी आयुष्य निघालं ६४.०४ वर्षं, खात्यापित्या घरांच्या त्याच्या यादीत सगळ्यांत कमी. वाचून मी टाळ्या पिटल्या होत्या. आज तशा पिटणार नाही. राजेपण हेच ओलं सरपण असू शकतं, हे त्याच्या आकड्यांत कुठे आहे? ही खोट काढायची तर प्रार्थना कुणासाठी करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर तेही झालं, निकाल २००६ मध्ये आला. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे माहीत नसलेल्यांत, प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना. ज्यांना खात्रीने सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांच्यात ५९ टक्के. (आपण देवाला कौल लावतो, त्यांनी देवावरच कौल लावला.)

मग देवाचा निकाल लागला का? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण श्रद्धा नाही, छेद आहे. सहसंबंध काढताना खाली दोन्ही चलांच्या पसरणीने भागावं लागतं. एखादी गोष्ट प्रत्येक नोंदीत सारखीच हजर असेल तर तिची पसरण शून्य. ठिपके सगळे एका उभ्या रेघेत उभे राहतात आणि भागाकार अडतो. उत्तर शून्य येत नाही, उत्तरच येत नाही. नैयायिक ईश्वराला, काळाला, दिशेला साधारण कारणं म्हणतात: प्रत्येक कार्याच्या मागे उभी. हे मडकं झालं आणि ते फुटलं, दोन्हीकडे ईश्वर तेवढाच. म्हणजे या दोहोंतला फरक समजावायला तो कामाचा नाही. आलेखाने तपासता येतो तो इकडे असलेला आणि तिकडे नसलेला देव, रागावणारा, रुसणारा, नारळावर राजी होणारा. तो माझ्या मते नापास आहे. सगळीकडे सारखा असलेला तपासता येत नाही. अशा देवाला नवस तरी कसा बोलायचा, हे मी शास्त्रीबुवांना विचारलं होतं. ते हसले आणि पान उलटलं.

काळाबद्दल मात्र एक दाखला पोटात राहत नाही. १९२६ मध्ये यूल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १८६६ ते १९११ चे इंग्लंड-वेल्सचे आकडे मांडले: दर हजार लग्नांत चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेली किती, आणि मृत्यूचं प्रमाण किती. सहसंबंध ०.९५. चर्चमधली लग्नं घटली, मरणंही घटली. दोन्हींच्या मागे फक्त सरकणारी वर्षं. इथे काळ साधारण कारण नाही, ओलं सरपण आहे.

आई २००९ मध्ये गेली. दुकान कधीच बंद झालं होतं. वही माळ्यावर सापडली, कडा वाळवीने खाल्लेली. यावेळी आकडे मोजायचे नव्हते म्हणून असेल, पण मी ती वगळलेली नोंद पहिल्यांदा नीट वाचली. नाव यमाई. बाब: धाकटीचा ताप. रक्कम: खण, परकर-पोलकं. बोलल्याची तारीख १९६७ च्या श्रावणातली. काम झाल्याची तारीख नाही. माझी धाकटी बहीण त्याच श्रावणात गेली. मी आठ वर्षांचा होतो.

न झालेल्याचं देणं कसलं, असं आई म्हणाली होती. पण या नोंदीखाली आडवी रेघ आहे, आणि फेडल्याची तारीख आहे, त्याच वर्षीच्या कार्तिकातली. तो दिवस मला आठवतो. एस.टी.ने औंधला गेलो होतो. डोंगराच्या पायऱ्या चढताना मी दमलो म्हणून आई एका कठड्यावर टेकली. तिच्या मांडीवर कागदात बांधलेलं पुडकं होतं. मी विचारलं, खाऊ आहे का? तिने नाही म्हणून मान हलवली आणि मला खाली फुटाणे घेऊन देईन म्हणाली. दिलेही.

किंमत अकरा रुपये. दिवसांचा रकाना रिकामा.