कोणाच्या हाती कोणता ग्रंथ द्यावा?



सप्ताहाचे काल्याचे कीर्तन आटोपले, प्रसाद वाटून झाला, की मंडपाच्या कडेला दोन-चार मंडळी हटकून थांबतात आणि विचारतात, "महाराज, आता घरी वाचायला कोणती पोथी घ्यावी?" दिंडीच्या मुक्कामावर हाच प्रश्न, आणि पंढरीत ग्रंथांच्या दुकानापुढे तर तो रोजचाच. त्याला सर्रास मिळणारे उत्तर एकच, "ज्ञानेश्वरी घ्या." हे उत्तर खोटे कोण म्हणेल? पण ते पुरेसे आहे काय, एवढेच आम्हास विचारावयाचे आहे. भुकेल्या माणसाने "काय खाऊ?" असे विचारावे आणि आपण "अन्न खा" म्हणून वाटेला लागावे, तसे ते होते.

पुढे काय घडते तेही पाहा. तो बापडा मोठ्या भावाने ग्रंथ घरी नेतो. एकादशीला स्नान करून, उदबत्ती लावून पहिला अध्याय उघडतो. आरंभीच गणेशाचे रूपक येते. स्मृती हे त्याचे अवयव, पुराणे हे अलंकार, सहा दर्शने हे हात. ज्याने षड्दर्शनांची नावेही ऐकली नाहीत, तो विसाव्या ओवीपर्यंत जातो आणि थकतो. दुसऱ्या एकादशीला पुन्हा तेथेच. तिसऱ्या एकादशीला ग्रंथ तांबड्या फडक्यात बांधला जातो आणि देव्हाऱ्यात जाऊन बसतो. मग रोज हळदीकुंकू, फूल, नमस्कार सर्व काही होते. फक्त वाचन तेवढे होत नाही. ग्रंथाची पूजा करू नये असे आम्ही म्हणत नाही. आमच्याही घरी होते. पण त्या माणसाच्या मनात एक गाठ बसते, की "हे आपल्यासारख्यासाठी नव्हेच." ही गाठ फार वाईट. कारण नेमकी तीच सोडविण्यासाठी माउलींनी तो ग्रंथ सांगितला होता.

जुन्या काळी 'अधिकार' या शब्दाचा अर्थ बहुधा एकच असे, तो म्हणजे कोणाला नाही. स्त्रियांना नाही, शूद्रांना नाही, ज्याला गीर्वाण भाषा येत नाही त्याला नाही. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवाशास ज्ञानोबारायांनी गीतेचा अर्थ मऱ्हाटी ओवीत आणला आणि ती कडी काढली. नाथमहाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावर प्राकृतात टीका मांडली, तेव्हा काशीच्या पंडितांनी त्यांना जाब विचारला अशी परंपरेने आलेली कथा आहे. तो ग्रंथ १५७३ मध्ये त्याच काशीत पुरा झाला. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, हे तर आपल्यातले लहान पोरही सांगते. इतके सोसून ज्यांनी हे ग्रंथ आपल्या दारात आणून ठेवले, त्यांचा ग्रंथ आपण अशा रीतीने हाती द्यावा की घेणाऱ्याला पुन्हा दार बंद झाल्यासारखे वाटावे? तेव्हा वारकऱ्याच्या घरी अधिकार पाहायचा तो कोणाला नाकारायचे म्हणून नव्हे. कोणाला भूक कशाची आहे आणि आज पचेल काय, एवढ्यापुरताच पाहायचा. घरची माउली तापातून उठलेल्याला पेज देते आणि नांगर धरून आलेल्याला भाकरी. पेजेवर ठेवलेल्याचा त्यात अपमान नसतो, आणि पेज जन्मभर द्यायची नसते हेही ती जाणते.

ज्याला अक्षर लावून वाचावे लागते, त्याच्या हाती हरिपाठ द्यावा. ज्ञानदेवांचा हरिपाठ अवघा सत्तावीस अभंगांचा. पण लहान आहे म्हणून नव्हे, तो कानावरून आधीच आत गेलेला असतो म्हणून द्यावा. आमच्या दिंडीत एक मावशी होत्या. साठी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकल्या. वर्तमानपत्र वाचता येईना, पण हरिपाठाची गुटका पोथी घेऊन बोट ठेवीत बसत. बायका हसत, "मावशी वाचत न्हाईत, त्यांना पाठच हाय." मावशी काही बोलत नसत. एके दिवशी मुक्कामावर त्या पोथी घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "महाराज, हितं माझी जीभ एक म्हणतीया न् कागुद दुसरंच म्हणतोय. छापणाऱ्यानं चुकवलं का मी इतकी वर्सं चुकीचं म्हणतीया?" आम्ही पाहिले. दोन्ही पाठ चालत आलेले होते. ते सांगितले, पण मनात म्हटले, मावशी आज खऱ्या वाचक झाल्या. जिभेने म्हटलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले ताडून बघणे म्हणजेच वाचणे. नाथमहाराजांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तोही असाच पाठाला पाठ ताडून. काम केवढे थोर आणि मावशींचे केवढे इवलेसे, पण जात एकच.

लहान मुलांना महिपतींचा भक्तिविजय. १७६२ मधला हा ग्रंथ, सत्तावन्न अध्यायांचा, ओवी सोपी आणि गोष्ट पुढे ओढून नेणारी. घरातल्या कोणीतरी मोठ्याने वाचावा. तेच मूल पुढे शाळा-कॉलेजात जाते आणि विचारते, "भिंत कशी चालेल हो?" यावर पुष्कळ घरांत डोळे वटारले जातात. तसे करू नये. त्याला भिंतीवर बसवून ठेवण्याचा आग्रह सोडून चांगदेव पासष्टी दाखवावी. पासष्ट ओव्यांत ज्ञानदेवांनी चांगदेवांना काय सांगितले ते वाचले म्हणजे भिंतीचा प्रश्न राहिला तरी आडवा येत नाही. त्या ओव्या कठीण वाटल्या तर विनोबांची गीता प्रवचने द्यावीत. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे ती बोलली गेली आणि साने गुरुजींनी लिहून घेतली. बोलण्यातून उतरलेली असल्यामुळे तरुण माणसाला ती कोणी समोर बसून बोलतो आहे अशी वाटतात. विनोबा माळकरी नव्हते, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. ऐकून सोडून दिला आहे.

लेकीसुनांच्या हाती जनाबाईंचे आणि बहिणाबाई शिऊरकरांचे अभंग आवर्जून जावेत. बहिणाबाईंनी आपली कथा स्वतःच अभंगांत सांगितली आहे. बालपणीचा विवाह, वयाने कितीतरी मोठा नवरा, तुकोबांचा ध्यास घेतला म्हणून खाल्लेला मार, सारे तिथे आहे. ते अभंग सासूनेही वाचावेत. किंबहुना सासूने आधी.

आता ज्या घरी दुःख झाले आहे त्या घराविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण ग्रंथाची निवड चुकली तर सर्वांत जास्त लागते ते येथेच. दहा दिवस गरुडपुराण लावण्याची चाल पुष्कळ गावी आहे. चाल मोडा असे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण एका घरी बावीस वर्षांचा मुलगा गेला होता. वाचणारे वाचीत होते, यमलोकीच्या वाटेचे एकेक वर्णन चालले होते. पाचव्या दिवशी त्याची आई भिंतीपासून उठून पुढे आली आणि म्हणाली, "माझ्या लेकराला हे समदं सोसावं लागंल का?" कोणालाच उत्तर देता येईना. ज्याने मुद्दाम कोणाचे वाईट केले नाही अशा पोराच्या आईला त्या घटकेला ते वर्णन ऐकवून काय साधले? दुःखावर भय तेवढे वाढले.

आम्ही दुसऱ्या दिवशी नामदेवरायांच्या गाथेतले समाधीचे अभंग घेऊन गेलो. १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या सोहळ्याचे ते अभंग आहेत. सोहळा म्हणतो खरे, पण वाचून पाहा, ओळीओळीला रडणे आहे. निवृत्तिनाथ म्हणजे गुरू, ज्ञानी, नाथपंथी. त्यांचाही धीर सुटतो. धाकट्या भावाला समाधीच्या आसनावर बसविणारे हात त्यांचेच होते. नामदेव तर लपविण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. त्या माउलीने तीन दिवस ते ऐकले. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी रडली. "एवढाली मान्सं बी रडली म्हना की," एवढेच बोलली आणि स्वैपाकघरात गेली. शोक झालेल्या घरी ज्ञान सांगण्याची घाई करू नये, असे आमचे मत तेव्हापासून पक्के आहे. आत्मा अमर आहे हे दुसऱ्या अध्यायात आहे आणि तिथेच राहणार आहे. महिन्या-दोन महिन्यांनी वाचले तर काही बिघडत नाही.

कर्ज, दुष्काळ, भाऊबंदकी यांनी गांजलेल्या प्रपंची माणसाला तुकोबांची गाथा. दुष्काळात ज्यांची पहिली बायको आणि मुलगा गेला, ज्यांचे दुकान बसले, त्यांचे बोलणे अशा माणसाला परके वाटत नाही. मात्र गाथा पहिल्या अभंगापासून शेवटच्यापर्यंत सलग वाचायला घेऊ नये. १९५० मध्ये सरकारने काढलेल्या गाथेत ४६०७ अभंग आहेत आणि ते तुकोबांच्या आयुष्याच्या क्रमाने लावलेले नाहीत. रोज एक अभंग घ्यावा, तो दिवसभर तोंडात ठेवावा. अर्थ अडला तर जोग महाराजांची सार्थ गाथा जवळ असू द्यावी. १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढणारे तेच हे जोग महाराज. एक सावधगिरी तेवढी सांगतो. काही मंडळींना गाथेतले दांभिकांना झोडपणारे अभंग भराभर पाठ होतात आणि बाकीचे पाठ होत नाहीत. असा वाचक आढळला तर त्याला करुणापर अभंगांवर आणावे. तुकोबांनी सोटा आधी स्वतःवर उगारला होता, हे त्याला तिथे दिसेल.

आणि ज्ञानेश्वरी? ती द्यायचीच आहे, पण बाराव्या अध्यायातून. तो अडीचशे ओव्यांच्या आतला आहे आणि भक्त कसा असतो ते त्यात सांगितले आहे. कीर्तनात ऐकलेले पुष्कळ काही तेथे ओळखीचे निघते. मग नववा, मग पंधरावा. तेरावा पावसाळ्याच्या लांब रात्री थोडा थोडा घ्यावा. एका अहिंसेवर माउली किती वेळ रेंगाळतात ते पाहून घाईचा माणूससुद्धा सावकाश होतो. सहाव्यातला योगाचा भाग जाणत्यापाशी बसून वाचावा. अठरावा एकटाच ग्रंथाचा पाचवा हिस्सा आहे, तो शेवटी. एवढे झाल्यावर पहिल्या अध्यायाकडे वळावे. गणेशाचे ते रूपक आता अडवीत नाही. साखरे महाराजांची किंवा सोनोपंत दांडेकरांची सार्थ प्रत घ्यावी, पण आधी मूळ ओवी मोठ्याने म्हणावी, मग अर्थ पाहावा, मग पुन्हा ओवी म्हणावी. नुसता अर्थ वाचून ओवी सोडणारे पुढे ग्रंथही सोडतात. अमृतानुभवाची घाई नको.

सप्ताहात सात दिवसांचे पारायण होते, ते जरूर करावे. त्यात गाव एकत्र बसते, कानावर संस्कार होतो. पण सात दिवसांत नऊ हजार ओव्या म्हटल्याने घरचे वाचन झाले असे धरू नये. रोज पंचवीस ओव्या घेतल्या तर एका वर्षात ग्रंथ पुरा होतो. पंचवीस ओव्यांना अर्धा तास लागत नाही. ज्यांना मुंबई-पुण्यास गाडीत उभ्याने प्रवास करावा लागतो, त्यांनी मोबाइलवर ऐकावे. त्याला कमी लेखू नये, श्रवण ही पहिली भक्ती आहे. डोळे अधू असलेल्यांस मोठ्या टायपाची प्रत द्यावी, स्वस्त मिळते म्हणून बारीक अक्षराची घेऊ नये. आणि "ही पोथी न वाचल्यास अनिष्ट होईल", "वाचल्यास अमुक दिवसांत धनलाभ होईल" असे ज्या पुस्तकावर छापलेले असेल ते कोणालाच देऊ नये. भीती आणि लोभ या दोन्हींचा पुरवठा प्रपंचात भरपूर आहे.

येत्या वारीला ग्रंथ घ्याल तेव्हा दुकानदाराला नाव सांगण्याआधी स्वतःला विचारा, घरी वाचणार कोण? एकटा मनाशी वाचणार की चारजणांना ऐकविणार? मागच्या वर्षात त्या घरात काय घडले? दोन प्रती घेणे शक्य असेल तर एक हरिपाठाची घ्यावी, ती पावसात भिजू नये म्हणून कागदी पिशवीऐवजी मेणकापडात बांधावी, आणि वाटेत ज्या कोणाची जीभ चालते पण बोट अडखळते असे दिसेल त्याच्या हाती ठेवावी.