बुडाले तर कुणाचे?

खांदेश्वर स्टेशनबाहेर चहा पिता पिता मित्र म्हणाला, "बुडाले तर बुडाले, आपलेच पैसे आहेत ना!" मी मान डोलावली. घरी येऊन एक्सेल उघडलं आणि अडकलो. सुरुवातीला लागणाऱ्या नऊ लाखांपैकी माझे साठवलेले तीन. उरलेले सहा बाबांच्या पीएफचे. म्हणजे 'आपले' या शब्दात मी बाबांना धरलं होतं, तेही न विचारता.

मग विचारलं. ते लगेच हो म्हणाले आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली. ज्याला नाही म्हणणं जडच जाणार, त्याच्या होकाराला होकार म्हणायचं का? गुंतवणूकदार चार ठिकाणी बुडेल, पाचवीकडे तरेल, असा हिशेब करून येतो. बाबांकडे एकच पीएफ आहे आणि पोरगाही एकच.

प्रायव्हेट लिमिटेड केली की कायद्याच्या नजरेत कंपनी ही वेगळी व्यक्ती होते. ती बुडाली तर भागधारकाचं नुकसान त्याने घातलेल्या भांडवलापुरतंच. सोय उत्तम आहे, तिच्याशिवाय फार जणांनी धाडसच केलं नसतं. पण ही भिंत उभी राहते कंपनीचे धनको आणि माझ्यामध्ये. बाबांचे पैसे भिंतीच्या आतच असतात, सगळ्यात आधी जाणाऱ्या भांडवलात.

लिज्जतची गोष्ट आपल्या रील्समध्ये नेहमी येते. मार्च १९५९, गिरगावातली एक गच्ची, सात बायका, ८० रुपये उसने, पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड. पुढे 'आणि आज कोट्यवधी!' हा भाग मला कंटाळवाणा वाटतो. त्या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं, की तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही. पुढेही लाटणारी प्रत्येक बहीण मालक, नफा वाटून घ्यायचा तसा तोटाही. जिचं बुडणार, तिचं बोलणं ऐकलं जाणार. पैसे उसने त्यांनीही घेतलेच की, त्यामुळे उसने घेणं वाईट असं मी म्हणत नाही. फक्त माझ्या एक्सेलमध्ये बाबांसाठी रकमेचा कॉलम होता, मताचा नव्हता.

मग एक कागद घेऊन पुन्हा बसलो. दर महिन्याला किती जाणार, खात्यात किती उरले की दुकान बंद करायचं, सगळं लिहिलं. आणि 'नाही म्हणालात तरी मी रुसणार नाही' हे तोंडाने सांगितलं. (थोडं खोटं होतं.) त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "नोकरी परत मिळेल?" म्हटलं, बहुतेक.

"मग दोन लाख घे. सहा नाही. आणि हिशेब वहीत दाखवायचा, मोबाईलवर नको."

मला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा लागलंही. आता आमच्याकडे नऊ नाही, पाच लाख आहेत. मित्राला अजून सांगायचंय.