केकमधलं पाणी

पावसाळा लागला की अण्णांच्या कारखान्यात ट्रे ड्रायरच्या नावाने शंख सुरू होई. लोटे परशुरामची जुलैमधली हवा आधीच चिंब, त्यात मालाचा रंग बिघडतो म्हणून ती 60 अंशांच्या वर तापवायची सोय नाही. ओला केक, म्हणजे फिल्टर प्रेसवर पाणी पिळून उरलेला माल, सुकायला दीड दीड दिवस लागे. चार माणसं तोंडाला फडकी बांधून ट्रे भरायची, उलटायची, गुठळ्या फोडायची. तिकडे अहमदाबादचं गिऱ्हाईक फोनवर आवाज चढवायचं.

अशात अण्णा गोरेगावच्या प्रदर्शनाला गेले आणि स्प्रे ड्रायर बघून हरखले. चकचकीत स्टीलचा शंकू, वरून पातळ स्लरी आत, खालून कोरडी पावडर बाहेर. सुकण्याचं काम काही सेकंदांत आटोपतं. कोटेशन खिशात घालूनच ते परतले.

"आता हेच घ्यायचं," त्यांनी टेबलावर कागद ठेवला. "एकदम लेटेस्ट!"

"लेटेस्ट कसलं, अण्णा? याचं पेटंट 1872 सालचं आहे," मुलगी म्हणाली. माटुंग्याहून केमिकल इंजिनिअर होऊन आलेल्या या मुलीला सगळा कारखाना ताई म्हणे. "जुनं आहे म्हणून वाईट नाही हो. पण आपल्या केकमध्ये पाणी किती असतं, ते कुणी मोजलंय?"

कुणीच मोजलं नव्हतं. ड्रायरमध्ये माल किती वाजता गेला नि किती वाजता निघाला, याच्या नोंदी वह्या भरभरून होत्या. आत जाताना तो किती ओला होता, याचा रकानाच नव्हता. हे काही एकट्या अण्णांच्या कारखान्याचं वैशिष्ट्य नाही म्हणा.

ताईने फिल्टर प्रेसखालून वाडगाभर केक उचलला, तोलला, लॅबच्या ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा तोलला. 60 टक्के पाणी! म्हणजे 100 किलो कोरड्या मालामागे 150 किलो पाणी उडवावं लागत होतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती बॉयलरमधल्या ब्रिकेटमधूनच यायची. स्प्रे ड्रायरला तर केक चालणारच नव्हता. त्याला पंपाने ढकलता येईल अशी स्लरी हवी. केकमध्ये उलट पाणी घालून 25 टक्के घनपदार्थाची स्लरी केली, तर त्याच 100 किलोमागे 300 किलो पाणी. प्रेसवर पिळून काढलेलं पाणी पुन्हा घालायचं आणि मग दुप्पट वाफ खर्चून ते उडवायचं.

अण्णा हटले नाहीत. "आणंदला म्हशीच्या दुधाची पावडर होणार नाही म्हणणारेही होतेच की. तिथल्या दलायांनी करून दाखवली ना?"

"दाखवली. पण दूध फिल्टर प्रेसमध्ये घालून पिळता येतं का? आणि तिथेसुद्धा दूध थेट स्प्रे करत नाहीत. आधी बाष्पकात आटवून जवळपास अर्धं घन करतात, मगच वर चढवतात. दुधाला तो ड्रायर शोभतो, कारण दूध तसं आहे."

बोलणं तिथेच तुटलं असतं. पण प्रेसवरचे मामा केबिनच्या दारात सहीसाठी उभे होते. मामा पंधरा वर्षं प्रेसवर, शाळा सातवीपर्यंत.

"शेठ, एक बोलू? चिलर बंद पडतो ना, त्या दिवशीचा केक बघा तुम्ही. रव्यासारखा येतो. पाणी झराझरा निघून जातं, प्लेट उघडली की आपसूक खाली पडतो. चिलर चालू असला की मैदा. कापडाला चिकटून बसतो, खरवडून काढावा लागतो."

ताई ताडकन उठली. तिने जुनी लॉगशीटं काढायला लावली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत रिअॅक्टरच्या जॅकेटमध्ये, म्हणजे आतलं द्रावण थंड करणाऱ्या बाहेरच्या कवचात, साधं कूलिंग टॉवरचं पाणी फिरायचं आणि बॅच 80 अंशांवरून खाली यायला सहा तास लागायचे. मग अण्णांनी चिलर घेतला, तेच काम दोन तासांत होऊ लागलं, आणि त्या वर्षी सगळ्यांना पेढे वाटले गेले. ड्रायरची रड त्यानंतरच सुरू झाली होती. रिअॅक्टर वरच्या मजल्यावर, ड्रायर खालच्या शेडमध्ये, दोघांचे सुपरवायझर वेगळे; एकाने वाचवलेले चार तास दुसरा व्याजासकट भरत होता, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

कारण सरळ आहे. द्रावण झपाट्याने थंड केलं की त्यात एकदम असंख्य कण जन्मतात, आणि विरघळलेला माल त्या सगळ्यांत वाटला गेल्याने कुणीच मोठं होत नाही. बारीक कणांच्या फटीही बारीक. त्यांत पाणी अडकून बसतं, आणि पाण्याबरोबर अशुद्धीही. ती धुवायला जास्त पाणी, आणि ते पाणी ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, बोकांडी. सावकाश थंड केलं तर मोजके कण तयार होतात आणि पोसतात.

ताईने बॅच वेगळ्या तऱ्हेने चालवून बघितली. द्रावण गढूळ व्हायच्या बेताला आलं की आधीच्या चांगल्या मालाची मूठभर पूड बी म्हणून टाकायची. सुरुवातीला तापमान अगदी हळू उतरवायचं, कारण तेव्हा कण थोडे आणि त्यांचं अंगही लहान. ते वाढले की वेग वाढवायचा. चिलर लावायचा तो शेवटच्या टप्प्यात. खर्च काय, तर जॅकेटच्या लायनीवर एक कंट्रोल व्हॉल्व्ह आणि त्याचा कंट्रोलर. बॅच पाच तासांवर गेली, तेव्हा रिअॅक्टरच्या सुपरवायझरने कुरकुर केली. अण्णांनीही केली, चिलर त्यांच्याच हौसेचा होता.

केक 35 टक्क्यांवर आला. 100 किलोमागे 54 किलो पाणी. ट्रे ड्रायर तोच, हवाही तीच ओली, पण माल पाळीगणिक निघू लागला.

तरी ट्रे ड्रायर जायलाच हवा होता. धूळ होती, माणसांचे हाल होते. पण आता ताईने यंत्र विकणाऱ्यांकडे चाचणीसाठी नवा केक पाठवला, आणि चांगल्या बॅचचा एकटा नव्हे. बरा, वाईट, पावसाळ्यातला, सगळा. जुना केक फ्लुइड बेड ड्रायरमध्ये चिखलासारखा बसून राहिला असता; नवा खालून आलेल्या हवेवर सुटा होऊन उसळत होता. जुन्या केकला लागलं असतं त्यापेक्षा कितीतरी लहान यंत्र पुरलं. सेंद्रिय पावडरीची धूळ ठिणगीने पेटू शकते, म्हणून अर्थिंग, स्फोट झाल्यास दाब बाहेर सोडणारी झडप आणि फिल्टर बॅगा यांवर मात्र ताईने एक पैसाही कमी करू दिला नाही.

ऑर्डरवर सही करताना अण्णांनी मामांना बोलावून घेतलं. "बोला, आणखी काय बदलायचं राहिलंय?"

"प्रेसची कापडं, शेठ," मामा म्हणाले. "दोन महिने झाले मागतोय."