समुद्रातील आई व तिचे पिलू
(मनन: अनुवाद, अध्याय 22, वचने 6 व 7)



मंगरूळपीरपासून समुद्र फार दूर. आम्हां वऱ्हाडच्या लोकांस कापसाची व तुरीची वावरे ठाऊक; लाटा नव्हेत. म्हणून मंडळीतील आम्ही काही जण गेल्या हिवाळ्यात मालवणजवळील तारकर्लीस गेलो, तेव्हा मोठ्या उत्कंठेने सकाळीच डॉल्फिन पाहण्याच्या नावेत बसलो. थोड्याच वेळात पाण्यातून एक करडी पाठ वर आली, व तिच्या कुशीस लागून दुसरी, अगदी लहान. आमच्या मुखातून देवाची स्तुती निघाली. 104 व्या स्तोत्रात गलबतांच्या वाटेवर जलचर खेळतो असे वर्णिले आहे, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.

परंतु पुढे घडले ते सांगण्यास लाज वाटते. आणखी जवळ न्या, असे आम्हीच नावाड्यास म्हटले, व वर पैसे देऊ केले. इतर नावाही धावल्या. मायलेकरांनी बुडी मारली, ती दूर जाऊन वर आली, आणि आम्ही पुन्हा त्यांच्या मागे लागलो.

डॉल्फिन हा मासा नव्हे. मादी सुमारे वर्षभर गर्भ वाहून बहुधा एकच पिलू विते, त्यास पाण्यातच दूध पाजते, व श्वासासाठी त्यास वरचेवर वर यावे लागते. नावा पाठीस लागल्या म्हणजे पाजणे खुंटते, विसावा मोडतो. आपल्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात राहणारा कुबडा डॉल्फिन आज नष्ट होण्याच्या संकटातील प्राण्यांत गणला जातो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास अभय दिले आहे.

आपल्या गोठ्यात गाय व्याली म्हणजे आपण पोरांस दटावून दूर ठेवितो. मग जिचा गोठा समुद्र आहे, तिला आपण का घेरावे? वाटेवर पक्ष्याचे घरटे आढळले तर पिलांसह आईस धरू नये, अशी मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे. आणि एवढ्या लहान आज्ञेस कल्याणाचे व दीर्घायुष्याचे मोठे वचन जोडले आहे.

पाहणे हे पाप नव्हे. आपल्या आनंदासाठी कोण्या आईस पळावयास लावणे हे पाप होय. आपणांपैकी कोणी कोकणात जाईल, तर त्याने नावाड्यास आधीच सांगावे: दूर थांबा, यंत्र मंद ठेवा, पिलू दिसले तर लवकर फिरा. भाडे मात्र पूर्ण द्यावे, म्हणजे दयेचा भार गरिबाच्या पोटावर पडणार नाही.

ज्याने त्या पिलास श्वास दिला, तो आपणांस थांबावयाचे मन देवो.