आईची सेवा करताना मदत मागावी का?

शंका : मी सतरा वर्षांची, बारावीत आहे. आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. बाबा ट्रकवर असतात, मोठा दादा पुण्यात नोकरीला. अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन, सगळं माझ्याकडेच. परवा तिच्या हातून भात सांडला आणि मी तिच्यावर ओरडले. कॉलेजात सांगावं, सरकारी मदत घ्यावी असं वाटतं. पण आत्या म्हणते, आईच्या सेवेसाठी हात पसरले तर पुण्य जातं; पुंडलिकानं कुणापुढे रडगाणं गायलं होतं का?

समाधान : बाळ, पुंडलिक शाळकरी पोर नव्हता, बायको असलेला कर्ता पुरुष होता. आणि त्यानं आपली अडचण लपवली नाही. साक्षात देव दारात आला, तेव्हा हातातली सेवा न सोडता त्यानं वीट पुढे फेकली आणि देवाला थांबायला सांगितलं. देवाला जे सांगता येतं ते वर्गशिक्षकांना सांगायला कसली लाज? हजेरीचं, प्रॅक्टिकलचं आजच बोलून ठेव.

ओरडलीस ते थकव्यानं. आईजवळ बसून तसं सांग. उजवी बाजू गेली की पुष्कळदा बोलणं अडतं, पण बरेचदा माणसाला समजत असतं. मन फारच जड झालं तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन कर. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ आहे.

मला दोष दिसतो तो तुमच्या घरातल्या कामाच्या वाटणीत. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा ही जबाबदारी मुलांवर टाकतो, पण त्यात अज्ञान मुलांना स्पष्ट वगळलं आहे. म्हणजे कायद्यानं ती दादावर येते, तुझ्यावर नाही. दादावर खटला भरावा असं मी म्हणत नाही. आत्यांनी मात्र पुंडलिकाची गोष्ट आधी त्याला सांगायला हवी होती.

पैशांचं म्हणशील तर आईसाठी जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा. त्यावर, उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. पालक दुर्धर आजारी असलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपयांची. तुम्ही त्यात बसता का, हे जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. ती अठराव्या वर्षापर्यंतच मिळते, म्हणून उशीर नको. हा पैसा आईच्या औषधाला आणि तुझ्या वह्या-पुस्तकांना लागेल. त्यानं सेवेचं पुण्य कमी होतं असं मी कुठल्याही संताकडून ऐकलेलं नाही.

आईची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे एकट्या मुलीनं रात्रभर करायचं काम नव्हे. येत्या सुट्टीला दादाला बोलाव, कूस कशी बदलायची ते त्याच्या हातून करवून घे आणि महिन्यातल्या कुठल्या रात्री त्याच्या, ते बाबांसमोर ठरवा.